बालवाडीसाठी टॅब घ्यायचाय, बजेट १२ हजार. कोणता घ्यावा? (सांगली)

हरिपूरची_ताई
नमस्कार. हरिपूर रोडला घरातच लहानशी बालवाडी चालवते. साडेतीन ते साडेपाच वर्षांची वीसेक मुलं, मी आणि मदतीला एक मावशी. पालक विचारायला लागलेत की बाकीच्यांकडे ‘डिजिटल क्लास’ आहे, तुमच्याकडे काहीच कसं नाही? मुलांना नुसतं यूट्यूबसमोर बसवायचं माझ्या मनात नाही. त्यांच्या हाताला काम मिळेल, एकमेकांशी बोलतील असं काहीतरी हवंय. मराठी हवं, नेट नसलं तरी चालायला हवं. १२ हजारांच्या वर खरंच जमणार नाही. कोणता टॅब घेऊ?

विश्रामबागकर
टॅब नको. सरळ ५५ इंची अँड्रॉइड टीव्ही घ्या. आम्ही दिवाळीत घेतला, चित्र एक नंबर. माझी मुलगी त्याच्यावरच ए टू झेड शिकली, सगळ्या ऱ्हाइम्स तोंडपाठ. बजेट थोडं वाढवा, हप्त्यावर मिळतो.

कुपवाड_एमआयडीसी
टीव्ही म्हणजे नुसतं बघणं. घ्यायचं तर इंटरॅक्टिव्ह पॅनल घ्या. आमच्या मेव्हण्याच्या शाळेत बसवलाय, बोटानं लिहिता येतं, चार पोरं एकदम उभी राहतात. लाखाच्या पुढं जातो, पण पालक तो बघूनच ॲडमिशन घेतात.

हरिपूरची_ताई
दादा, बजेट १२ हजार आहे.

जतचा_पाव्हणा
टॅबच घ्या, पण स्वस्तातला नको. माझ्या टॅबची चार्जिंगची पिन महिन्याभरात ढिली झाली. दुकानदार म्हणतो सर्व्हिस सेंटरला जा, सर्व्हिस सेंटर कोल्हापुरात. जाड फोमचं हँडलवालं कव्हर घ्याच, आणि रॅम ४ जीबीच्या खाली नको.

तासगाव_द्राक्ष
कव्हरला +१. पॉवर बँकपण घ्या, लाईटचा भरवसा नाही.

अंगणवाडीवाली
मी मिरज तालुक्यात सेविका आहे. आमच्या हातातला मोबाईल पोषण ट्रॅकरसाठी, म्हणजे सरकारच्या अंगणवाडी ॲपसाठी. हजेरी भरा, वजन-उंची भरा, रेंज नसली की परत भरा. पोरं समोर बसलेली आणि आमची मान खाली, याचा खरंच त्रास होतो.
पण फोनचा एक उपयोग मला फार आवडला, तो सांगते. आम्ही करवंटीत मेथी पेरली. रोज एकाच पोराची पाळी, त्यानंच फोटो काढायचा. नंतर सगळे फोटो उलटसुलट करून विचारलं, आधीचा कुठला, नंतरचा कुठला? जी भांडणं जुंपली! एक पोरगी म्हणाली, “ह्यात बी टोपी घालून वर आलंय, ह्यात टोपी पडली, म्हणजे हा नंतरचा.” बियाचं साल मला तोवर दिसलंच नव्हतं. एवढं बघायला कुठलं ॲप शिकवतं?

कडेगावकर
आमच्या तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ पासून संध्याकाळी ७ ला भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही-मोबाईल बंद. आख्खं गाव बंद करतंय आणि तुम्ही बालवाडीत चालू करताय? काहीही घेऊ नका.

पलूस_कॉर्नर
तो भोंगा पोरांच्या अभ्यासासाठी आणि घरच्यांनी एकमेकांशी बोलावं म्हणून आहे. बालवाडीचा काय संबंध?

कडेगावकर
सवय कधी लागते मग? तीन-चार वर्षांतच ना? संबंध आहेच.

पलूस_कॉर्नर
ताईंनी टॅब विचारलाय, गावाचा ठराव नाही.

मिरज_बालरोग
दोघं थांबा जरा. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना आहेत: २ वर्षांखाली स्क्रीन नको, २ ते ५ वर्षांना दिवसाला जास्तीत जास्त १ तास, तोही मोठं माणूस सोबत असताना. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये २ ते ४ वर्षांसाठी हीच १ तासाची मर्यादा सांगितली आहे, त्याहून कमी तर उत्तमच. हा तास पूर्ण दिवसाचा आहे, शाळेचा वेगळा नाही. माझ्याकडे येणारी कितीतरी मुलं मोबाईल बघितल्याशिवाय घास घेत नाहीत, म्हणजे तास घरीच संपलेला. ताई, आधी पालकांना विचारून घ्या घरी किती बघतात. तुमच्या वाट्याला थोडीच मिनिटं उरतील, ती धरूनच ठरवा.

विश्रामबागकर
आमची मुलगी दोन-दोन तास बघते, काही झालं नाही. चष्मा पण नाही.

मिरज_बालरोग
फक्त चष्म्याचा प्रश्न नाही. झोप आणि बोलणं, आधी तिथं फरक पडतो. तुम्ही शेजारी बसून तिच्याशी बोलत बघत असाल तर चांगलंच आहे.

कोड_आणि_भडंग
टॅब घेणारच असाल तर ॲप आधी स्वतः खेळून बघा. मुद्दाम चुकीच्या ठिकाणी बोटं आपटा. तरीही फुगे फुटले, टाळ्या वाजल्या, तर ते ॲप काढून टाका, कारण मूल विचार न करता बोटं आपटायलाच शिकेल. जाहिराती येतात का बघा, ॲप पिन करून ठेवा, म्हणजे मूल त्यातून बाहेर दुसरीकडे जाणार नाही, फ्लाइट मोड चालू. अमेरिकेतल्या एनएईवायसी आणि फ्रेड रॉजर्स सेंटर या लहान मुलांच्या शिक्षणावर काम करणाऱ्या संस्थांनी २०१२ साली मिळून या वयासाठी जे निवेदन काढलं, त्याचाही भर मुलांनी स्वतः काहीतरी करण्यावर आहे, नुसतं बघण्यावर नाही.
मराठी गोष्टी हव्यात तर प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर बघा. फुकट उतरवता येतात, छापतासुद्धा येतात.

कुपवाड_एमआयडीसी
पॅनलवर त्या गोष्टी मोठ्या दिसतील. डेमो हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

निवृत्त_बाई
अंगणवाडीवालीला अनुमोदन. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ सोबत. पानं, बिया, शंख-शिंपले अशी परिसरातली साधनं घेऊन त्यांनी शिकवलं. एनसीईआरटीच्या २०२३ च्या ‘जादुई पिटारा’ या लहान मुलांच्या शिक्षणसंचातसुद्धा खेळणी, बाहुल्या, कोडी आहेत. टॅब असो नसो, मुलाला बोलतं करणारं माणूस हवं. तुमच्या मावशींना आधी शिकवा.

सतारमेकर_गल्ली
आम्ही वाद्यं करणारे, मिरजेचे. बालवाडीची पोरं दुकानात आली होती, बाईंनी फोनवर आवाज टिपायला लावले. कच्च्या भोपळ्यावर टिचकी, तयार तंबोऱ्याच्या भोपळ्यावर टिचकी, तार छेडलेली. वर्गात ऐकून ओळखायचं. पोरं डोळे मिटून ऐकत होती म्हणे. १२ हजारात चांगला स्पीकर येतो, तो घ्या.

जतचा_पाव्हणा
स्पीकरचीपण पिन ढिली होते.

हरिपूरची_ताई
सगळ्यांचे आभार, डॉक्टरांचे जास्त. पालकांना विचारलं, जवळजवळ सगळ्यांकडे जेवताना मोबाईल आहे. त्यामुळे टॅब, टीव्ही, स्पीकर काहीच घेत नाही. माझा जुना फोन सिम काढून मुलांच्या हातात देणार, फक्त कॅमेरा आणि रेकॉर्डर. पैसे रंगीत प्रिंटरला घालते. मुलांनी काढलेले फोटो छापायचे, त्यांनी सांगितलेली गोष्ट मी खाली लिहायची आणि पुस्तक शिवून रोज एकाच्या घरी पाठवायचं. डिजिटल काय करता विचारणाऱ्या पालकांना तेच वाचून दाखवायला सांगणार आहे. घाटावर जाऊन पहिलं पुस्तक आमच्या हरिपूरच्या कृष्णा-वारणा संगमाचं करायचं ठरलंय.

विश्रामबागकर
प्रिंटर?? टीव्ही घेतला असता तर फोटो मोठे दिसले असते.

तासगाव_द्राक्ष
प्रिंटर इंक टँकवालाच घ्या, काडतूसवाला परवडत नाही. मे महिन्याच्या सुट्टीतही अधूनमधून एखादं रंगीत पान काढत राहा, नाहीतर शाई वाळून प्रिंटरचं शाई सोडणारं हेड तुंबतं.