आईचे विस्मरण आणि वडिलांची बक्षीसपत्राची घाई

राजारामपुरीकर (प्रश्न)

माझे वडील ७६ वर्षांचे असून कोल्हापूरच्या राजारामपुरीतील घर त्यांनी स्वकमाईतून बांधलेले आहे. आई ७२ वर्षांची आहे. मागच्या महिन्यात भाजी आणायला गेलेली आई दोनदा भलत्याच गल्लीत उभी असलेली सापडली, आणि डॉक्टरांनी ही डिमेन्शियाची सुरुवात असल्याचे सांगितले. तिची नऊ लाखांची मुदत ठेव एका सहकारी बँकेत केवळ तिच्याच नावावर आहे; वारस (नॉमिनी) म्हणून वडिलांची नोंद आहे. "नंतर कटकट नको" म्हणून वडील घर आताच पुण्याच्या भावाला बक्षीसपत्राने देऊन टाकणार आहेत आणि ठेवीसाठी आईकडून माझ्या नावे मुखत्यारपत्र (तिच्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार) करून घेणार आहेत. भावाशी माझे काही वाकडे नाही. तरीही ही व्यवस्था योग्य आहे का?

बावड्याचा वकील

ताई, आधी मुखत्यारपत्राचे सांगतो, कारण तेथेच बहुतेकांची फसगत होते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती मानसिकदृष्ट्या अक्षम झाली की तो अधिकार संपतो, म्हणजे ज्या दिवसासाठी आपण तो कागद करून ठेवतो, नेमक्या त्याच दिवशी तो निरुपयोगी ठरतो. त्यानंतर आईच्या मालमत्तेसाठी पालक नेमून घेण्याकरिता उच्च न्यायालयात जावे लागते. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच सर्किट बेंच सुरू झाल्यामुळे मुंबईच्या खेपा वाचल्या असल्या, तरी खर्च आणि वेळ टळत नाही.

घराबाबत माझे मत स्पष्ट आहे: वडिलांनी बक्षीसपत्र करू नये. मुलाला राहते घर देताना मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये असल्यामुळे लोक मोहात पडतात, पण नोंदणी झाली की मालकी गेली. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे कलम २३ असे हस्तांतरण रद्द करण्याची मुभा देते, मात्र सांभाळ करण्याची अट दस्तात लिहिलेली नसेल तर प्रांताधिकाऱ्यांपुढे ती सिद्ध करणे अवघड जाते. मृत्युपत्र करावे. दोन साक्षीदार आवश्यक आहेत. नोंदणी ऐच्छिक असली तरी दुय्यम निबंधकांकडे अवश्य करावी. मत बदलले तर नवे लिहिता येते, आणि तोवर घर वडिलांचेच राहते.

निवृत्त बँकवाला

वकीलसाहेबांशी सहमत. वारस नोंदीबद्दल एक गैरसमज दूर करतो: ती ठेवीदाराच्या मृत्यूनंतरच कामाला येते. आई हयात असताना तिच्या औषधपाण्यासाठी वडिलांना त्या नोंदीच्या आधारे एक रुपयाही काढता येणार नाही. म्हणून आईला सही करण्याचे भान आहे तोवर तिला घेऊन शाखेत जावे आणि ठेव "दोघांपैकी कोणीही अथवा हयात असेल तो" या पद्धतीने संयुक्त करून घ्यावी. मुदतीपूर्वी मोडण्याचा अधिकार दोघांपैकी कोणालाही राहील, असे त्याच अर्जात लिहून द्यावे, नाहीतर मोडताना दोघांच्याही सह्या मागतात. बँक बुडाल्यास मिळणारा ठेव विमा प्रत्येक ठेवीदाराला एका बँकेत व्याजासह पाच लाखांपर्यंतच असतो. नऊ लाख एकाच ठिकाणी ठेवणे मला तरी पटत नाही.

पंचगंगाकाठ

आमच्याकडे हेच उशिरा कळले. बाबांना पक्षाघात झाल्यावर बँकेने अंगठा घेण्याची तयारी दाखवली, अधिकारी साक्षीदाराला घेऊन घरीही आले. पण "कशासाठी अंगठा देताय?" या प्रश्नाला बाबांनी आजीचे नाव सांगितले, आणि अधिकारी शाई पुसून उठले. त्यांची चूक नव्हती. रात्रपाळीच्या बाईंचा पगार पुढचे चौदा महिने आम्ही भावंडांनी वर्गणी काढून दिला.

राजारामपुरीकर

आपणा सर्वांची आभारी आहे. वडिलांना मृत्युपत्र पटले आहे. सोमवारी आईला घेऊन शाखेत जाणार आहोत. डॉक्टरांचा दाखला आधी घेऊन ठेवावा का?

बावड्याचा वकील

होय, पण त्याच दिवसाचा. आईला व्यवहार समजतो, असे डॉक्टरांनी तिच्याशी बोलून लिहिलेले असावे. सकाळची वेळ घ्या. संध्याकाळी असे रुग्ण अधिक गोंधळतात. आईच्या मनात तिच्या वाट्याचे काही कोणाला द्यायचे असेल, तर तेही याच आठवड्यात विचारून घ्या.