व्हेंट बुजवू नका, आणि गॅसबद्दल थोडं

ऊब टिकावी म्हणून नॅरोबोटीचे (इंग्लंडच्या कालव्यांतल्या अरुंद, राहत्या बोटीचे) व्हेंट, म्हणजे हवा खेळायची भोकं, कापडाने बुजवा असा सल्ला या चर्चेत वर कोणी दिलाय, तो कृपा करून कोणी पाळू नका. कोळशाची शेगडी धुमसत असताना कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचून झोपेतच जीव जातो. त्या वायूचा अलार्म तर हवाच. शिवाय १ किलो प्रोपेन (सिलिंडरमधला गॅस) जळला की सुमारे १.६ किलो पाणी वाफ होऊन आत येतं आणि बोटीच्या थंड पोलादावर, गादीखालीही साचतं. गादीखाली सलग फळी नको, हवा खेळावी म्हणून पट्ट्या ठोका.

गॅसचं कोणी लिहिलं नाही. इंग्लंडमधल्या निळ्या सिलिंडरात बहुधा ब्युटेन असतो. तापमान शून्याजवळ आलं की त्याचा वायूच होत नाही, सिलिंडर भरलेला असूनही बर्नर विझतो. हिवाळ्यात लाल, प्रोपेनचाच घ्या. त्याचा उत्कलनबिंदू उणे ४२ अंश आहे. जोडणी मात्र वेगळी असते, त्यामुळे रेग्युलेटर आधीच तपासून ठेवा.