हॉस्टेलला जाताना कपडे किती न्यायचे, हे ठरवायचं कसं?

पहिल्या_वर्षाची

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात कॉलेजच्या हॉस्टेलवर राहायला जातेय. आजवर घराबाहेर सलग ४ दिवसांपेक्षा जास्त कधी राहिलेले नाही. आत्ता पलंगावर कपड्यांचा ढीग घालून बसलेय: १९ टी-शर्ट, ११ टॉप, ६ जीन्स. बाकीचे अजून मोजलेच नाहीत. आई म्हणते, "असू देत, अडीनडीला हाताशी असलेले बरे." दादा म्हणतो, एकच बॅग ने. दोघांचंही त्या-त्या वेळी पटतं आणि मी एकदा कपडे भरते, एकदा काढते.

खोलीत आम्ही तिघी. प्रत्येकीला एक अरुंद कपाट, त्यात थोडी टांगायची जागा आणि खाली २ खण. मजल्यावर सगळ्यांत मिळून एकच वॉशिंग मशीन, नंबर लावावा लागतो म्हणे. घर रात्रभराच्या प्रवासावर आहे, पहिली सुट्टी साधारण अडीच महिन्यांनी. मला तयार यादी नकोय, आकडा काढायचा कसा ते हवंय. आणि एक जाडजूड स्वेटर आहे, ताईने स्वतः विणलेला. एकटाच अर्धी बॅग खातो. तो न्यावा का?

चार_वर्षं_हॉस्टेल

अगं, तुझा प्रश्न वाचून माझा पहिला आठवडा डोळ्यासमोर आला, म्हणून सविस्तर लिहिते.

किती दिवस राहायचंय त्यावरून आकडा काढू नकोस, धुण्यावरून काढ. किती दिवसांनी धुणार, वाळायला किती दिवस लागणार, आणि वर एक-दोन दिवस मशीनचा नंबर हुकला तर. आठवड्याने धुतलेस तर ७ अधिक २ अधिक १, म्हणजे १०. सुट्टी अडीच महिन्यांनी असो की ५ महिन्यांनी, हा आकडा तोच राहतो. रोज बदलायच्या कपड्यांना तो लागू होतो. आतले कपडे आणि मोजे याहून चार जास्तच ने, त्यांना जागा लागत नाही आणि ते संपले की सगळंच अडतं. जीन्सला मात्र हा हिशोब लावायचा नाही. २ जीन्स आणि १ हलकी पँट पुरते.

आता मी काय केलं ते सांगते. मी २७ टॉप नेले होते. अडचण जागेची होईल असं वाटलं होतं, झाली वेगळीच. कपडे संपतच नव्हते, म्हणून मी धुणं पुढे ढकलत राहिले. जवळजवळ ३ आठवड्यांचं साठलं. बादलीच्या तळाशी एक फिकट पिवळा शर्ट होता, पावसात भिजून आल्यावर तसाच टाकलेला. बाहेर काढला तर कॉलरच्या आतल्या बाजूला मोहरीएवढे काळे ठिपके, अगदी शिवणीच्या रेषेत. भिजत घातला, साबण लावून घासला, उन्हात टाकला, ठिपके गेले नाहीत. वाढदिवसाला मिळालेला शर्ट होता, फार वाईट वाटलं. त्यानंतर मी अर्धे कपडे घरी परत पाठवले आणि धुण्याचा वार ठरवून टाकला, बुधवार. त्या दिवशी मशीनवर गर्दी नसायची.

मशीनचंही गणित बघ. ६-७ किलोचं मशीन म्हणतात ते वजन कोरड्या कपड्यांचं असतं. एक जीन्स सहज ६०० ग्रॅम भरते, सुती टी-शर्ट दीडशे-पावणेदोनशे. एका आठवड्याचे कपडे, टॉवेल आणि चादर मिळून साडेचार किलोच्या आसपास जातात, म्हणजे एका खेपेत काम होतं. ३ आठवड्यांचे साठले की तीन खेपा, आणि मागे बादल्या घेऊन उभ्या असलेल्या मुली.

कापडही बघून घे. सुती कापड पाणी धरून ठेवतं, पॉलिस्टर जवळजवळ शोषतच नाही. रात्री धुतलेला पॉलिस्टरचा टी-शर्ट बहुतेक वेळा सकाळी घालता येतो. पण घाम आला की त्याला वास लवकर येतो, म्हणून असे २-३च ठेव, बाकी सुती. आणि घाईच्या वेळी एक करायचं: पिळलेला कपडा कोरड्या टॉवेलवर पसरायचा, दोन्ही मिळून गुंडाळी करायची आणि तिच्यावर गुडघ्याने दाब द्यायचा. पिळून निघत नाही तेवढं पाणी टॉवेल ओढून घेतो. मग वाळत घाल, निम्म्या वेळात वाळतं.

केमिस्ट्रीवाला

तुला प्रॅक्टिकल्स आहेत का ते लिहिलेलं नाहीस. असतील तर २ जोड त्यासाठीच वेगळे काढ: जुनी, सुती, पायभर पँट आणि बाह्यांचा शर्ट. सुतीच का, तर बर्नरजवळ काम असतं. पॉलिस्टर, नायलॉन पेटलं की वितळून कातडीला चिकटतं. पाय झाकणारे बूटही लागतील.

आणखी एक, कारण हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सौम्य सल्फ्युरिक ॲसिडचा थेंब सुती पँटवर पडला की त्या वेळी काहीच दिसत नाही. पाणी उडून जातं, ॲसिड मागे राहून तीव्र होत जातं आणि धागा कुजतो. पुढच्या धुण्यात तिथे भोक पडतं. माझ्या चांगल्या करड्या पँटला मांडीवर अशी ५ भोकं पडली, एका ओळीत. थेंब पडल्याचं कळलं तर लगेच भरपूर पाण्याने धू. चांगले कपडे घालून लॅबमध्ये जाऊच नकोस.

मुलगी_दुसऱ्या_वर्षाला

बाळा, मी आईच्या बाजूची. तुझी आई "असू देत" म्हणते ना, तिला कपड्यांची काळजी नसते. आपण तिथे नसताना हिचं काही अडायला नको, एवढंच तिच्या मनात असतं. मी लेकीला दोन बॅगा भरून दिल्या होत्या, त्यातली एक तिने वर्षभर उघडली नाही.

यंदा आम्ही असं केलं: जे न्यायचं की नाही यावर वाद होता, ते सगळं घड्या घालून एका खोक्यात ठेवलं आणि आत काय आहे ते झाकणावर लिहिलं. लागलं तर पाठवीन. मला धीर आला आणि तिची बॅग हलकी झाली. आईला विचारून बघ, तिलाही पटेल.

नवे गडद रंगाचे कपडे घरीच दोनदा वेगळे धुऊन ने. मशीन सगळ्यांचं असतं, आपल्या कपड्याचा रंग दुसरीच्या कपड्यांना लागायला नको. आणि आतल्या शिवणीवर, लेबलाजवळ, न जाणाऱ्या शाईने नाव घाल. टॉवेलवरसुद्धा.

उशिरा_आलेलो

वरचा १० चा हिशोब योग्य आहे, पण रात्रीच्या कपड्यांना तो लावू नका. पहिल्या सत्रात मला ५ दिवस ताप होता. ताप उतरताना घाम यायचा आणि रात्रीत दोनदा कपडे बदलावे लागायचे. माझ्याकडे रात्रीचे २च जोड. धुण्याची ताकद नव्हती, ओले अंगावर घालून पडून राहिलो. खोलीतल्या मित्राने त्याचा पायजमा दिला, ते मी विसरणार नाही. रात्रीचे ४ जोड तरी न्या आणि टॉवेल २. हॉस्टेलवर कॉलेजची वेळ सोडली तर माणूस त्याच कपड्यांत वावरतो. जागा टी-शर्टांमधून काढा.

चार_वर्षं_हॉस्टेल

वरचं अगदी बरोबर आहे, माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. रात्रीचे ४ धर.

आणि जायच्या आधी घरीच एक करून बघ. बॅग भर, कपाटाला हात लावू नकोस आणि १० दिवस त्या बॅगेतूनच राहा. धुणंही तूच धू.

पहिल्या_वर्षाची

१० दिवस करून बघितलं, म्हणून आज उत्तर देतेय.

बॅगेत १२ टी-शर्ट-टॉप होते, त्यातले ७च फिरून फिरून घातले. एक पांढरा टॉप रोज सकाळी हातात घ्यायचे आणि परत ठेवायचे, कारण त्याला इस्त्री लागते. तो खोक्यात गेला. जीन्स सकाळी वाळत घातली होती, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाय कोरडे, पण खिसे आणि कमरेची पट्टी ओलसरच. उलटी करून पुन्हा टाकली. धुणं आठव्या दिवशी काढलं, तेव्हा त्या सातांतला शेवटचा एकच टॉप कोरडा होता. पावसाचा दिवस असता तर पंचाईत होती. म्हणून दर ६ दिवसांनी धुवायचं ठरवलंय.

आता वर घालायचे १०, जीन्स २, पँट १, प्रॅक्टिकलचे २ जोड (काका-दादा जे कोणी असाल, मनापासून आभार, मला केमिस्ट्री आहे), रात्रीचे ४, टॉवेल २, आणि कार्यक्रमाला म्हणून एक चांगला जोड. सगळं एका बॅगेत बसलं, वर चार बोटं जागा उरली. खोक्यावरचं नाव आईने स्वतः लिहिलं.

स्वेटर बॅगेत ठेवलेला नाही. गाडी रात्रीची आहे, अंगात घालूनच जातेय.