नियम काढताना आणि त्याची मुदत वाढवताना परिणामांचा हिशेब कोण मांडतो?

धरणगावचा हिशेबनीस

मी धरणगाव परिसरातील एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये (कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधण्याच्या कारखान्यात) हिशेब सांभाळतो. केंद्र सरकारने 2023 मध्ये कापसाच्या गाठींसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. गाठींना भारतीय मानक ब्युरोचे प्रमाणन असावे, हा त्याचा गाभा. अंमलाची तारीख त्यानंतर एकाहून अधिक वेळा पुढे गेली. दर वेळी ती जवळ आली की मालक मला बोलावतात आणि विचारतात की तपासणीची यंत्रे आता घ्यायची की थांबायचे. सुमारे 170 किलोच्या गाठीतून रुईचा नमुना काढायचा, ओलावा आणि कचरा मोजायचा, नोंद ठेवायची, यासाठी हंगामात एक माणूस वेगळा लागतो आणि त्याचा पगार मी कोणत्या खात्यावर टाकू, एवढा माझा प्रश्न लहान आहे. त्यातून उपजलेला प्रश्न मात्र मोठा आहे. असा नियम काढताना कोणाला किती भुर्दंड पडेल आणि कोणाचा किती लाभ होईल, हे सरकार मांडून पाहते का? आणि जुन्या नियमाला पुन्हा मुदत देताना तो हिशेब नव्याने होतो की जुनाच कागद पुढे सरकतो? इतर देशांतील पद्धत कोणाला ठाऊक असल्यास तीही सांगावी.

निवृत्त कक्ष अधिकारी, धुळे

हिशेबनीस भाऊ, आपल्याकडे कागदावर तरतूद आहे, पण तिला दात नाहीत, असे माझे नोकरीतले निरीक्षण आहे.

1897 च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या कलम 23 नुसार, मूळ कायद्यात 'पूर्वप्रसिद्धीच्या शर्तीवर' असे शब्द असतील तर नियमाचा मसुदा आधी प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवाव्या लागतात आणि आलेल्या हरकतींचा विचार करावा लागतो. मात्र विचार केला म्हणजे नेमके काय केले, हे लिहून ठेवण्याचे बंधन त्या कलमात नाही. राजपत्रातील 'आलेल्या हरकती विचारात घेऊन' या एका वाक्यात कधी चारशे पत्रे सामावलेली असतात, तर कधी एकही नसते. पुढे 2014 मध्ये केंद्राने विधानपूर्व विचारविनिमयाचे धोरण स्वीकारले. त्यानुसार मसुदा किमान 30 दिवस लोकांपुढे ठेवायचा असतो आणि त्यासोबत समर्थन, आर्थिक भार, तसेच पर्यावरण, मूलभूत हक्क आणि संबंधित लोकांचे जीवन व उपजीविका यांवरील परिणामांचा अंदाज द्यायचा असतो. हेच खरे म्हणजे आपण विचारता ते मूल्यमापन. परंतु ते कायद्याने बंधनकारक नाही आणि व्यवहार्य नसल्याचे कारण नोंदवून विभागाला ते टाळता येते.

न्यायालयानेही या उणिवेवर बोट ठेवलेले आहे. फोन मध्येच तुटल्यास ग्राहकाला प्रत्येक वेळी एक रुपया आणि दिवसाला जास्तीत जास्त तीन रुपये भरपाई द्यावी, असा विनियम ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने केला होता. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये तो रद्द केला आणि नियम करण्याच्या प्रक्रियेत पारदर्शकता व लोकांशी विचारविनिमय बंधनकारक करणारा सर्वसाधारण कायदा संसदेने करावा, असे सुचवले. ट्रायच्या स्वतःच्या कायद्यात पारदर्शकतेचे कलम आहे, म्हणून ते प्रकरण तिथवर तरी गेले. बहुतेक खात्यांच्या कायद्यांत तेही नाही.

जाता जाता एक गंमत सांगतो. गुणवत्ता आदेशासारखा तांत्रिक नियम परदेशी व्यापारावर परिणाम करणारा असेल, तर त्याचा मसुदा जागतिक व्यापार संघटनेला कळवावा लागतो आणि सदस्य देशांना अभिप्रायासाठी किमान 60 दिवस द्यावेत, अशी तिथल्या समितीची शिफारस आहे. म्हणजे आपल्या जिनिंगविषयीचा मसुदा संघटनेच्या जिनिव्यातील मुख्यालयात वाचला जाऊन गेला तरी धरणगावात त्याची खबर नसते!

पाचोऱ्याचा, सध्या मेलबर्न

धुळ्याच्या आबांनी मांडलेल्या चित्रात 'मुदत वाढवताना काय' हा भाग राहिला, आणि माझे रोजचे काम नेमके तेच असल्याने थोडे सविस्तर लिहितो.

मी राहतो त्या व्हिक्टोरिया राज्यात 1994 च्या दुय्यम विधान कायद्यानुसार प्रत्येक नियम दहा वर्षांनी आपोआप रद्द होतो. ऑस्ट्रेलियाच्या संघ सरकारने 2003 च्या कायद्याने आपल्या नियमांसाठी तशीच व्यवस्था केली. व्हिक्टोरियात नियम हवाच असेल, तर खात्याला तो पुन्हा करावा लागतो, आणि त्याने लोकांवर लक्षणीय आर्थिक वा सामाजिक भार पडणार असेल, तर परिणामांचे निवेदन प्रसिद्ध करून किमान 28 दिवस अभिप्राय मागवावे लागतात. ते निवेदन पुरेसे आहे की नाही, हे खात्याबाहेरचा स्वतंत्र परीक्षक तपासतो. वेळ कमी पडल्यास जुन्या नियमाला जास्तीत जास्त बारा महिन्यांची वाढ मिळते. अमेरिकेत 1981 पासून मोठ्या नियमांचे लाभ-खर्च व्हाइट हाऊसच्या कार्यालयाकडे तपासले जातात, पण दहा वर्षांनी सगळे मुळापासून उचकटण्याची सक्ती तिथे तशी नाही.

खरी मेख तुलनेच्या पायात असते. नवा नियम असेल, तेव्हा तुलना सरळ असते: आज नियम नाही, उद्या येईल, मधला फरक मोजा. जुन्या नियमाचे नूतनीकरण असते, तेव्हा खात्यातला माणूस सहज लिहून जातो, 'सध्याचीच व्यवस्था पुढे चालू, त्यामुळे अतिरिक्त भार शून्य.' आमच्याकडे हे वाक्य परत पाठवले जाते, कारण कायद्याने नियम संपणारच आहे; म्हणून तुलना 'नियम संपला तर काय होईल' याच्याशी करावी लागते. मग अवघड प्रश्न सुरू होतात. नियम गेला तर किती जण तरीही तपासणी चालू ठेवतील? गिरणीवाला स्वतःहून नमुना मागत असेल, तर जिनिंगवाला नियमाशिवायही तपासेल, आणि मग तो खर्च नियमाच्या नावावर टाकता येत नाही. पण त्यापासून होणारा लाभही टाकता येत नाही. नियमाचे समर्थक ही दुसरी बाजू हमखास विसरतात.

सराफ बाजार, जळगाव

आमच्या धंद्यातले उदाहरण देतो. सोन्याच्या दागिन्यांवरील हॉलमार्कची सक्ती 16 जून 2021 पासून 256 जिल्ह्यांत आली. जिथे तपासणी केंद्र आहे, तिथेच आधी लागू केली, हे शहाणपणाचे होते. सक्तीपूर्वी 22 कॅरेट म्हणून घेतलेली पोत दुसऱ्या गावी मोडायला नेली की टंच (सोन्याची शुद्धता) कमी निघायचा आणि बाई दुकानात डोळे पुसत उभी राहायची. मी ते पाहिलेले आहे, त्यामुळे नियम नको होता असे म्हणणार नाही.

पण लहान कारागिराचा हिशेब पाहा. तपासणीचा दर नगामागे 35 रुपये होता, 2022 मध्ये तो 45 झाला, वर जीएसटी. शिवाय एका खेपेला किमान आकार 200 रुपये. मोठ्या पेढीने एका वेळी शंभर नग पाठवले तर नगाला 45 पडतात; गल्लीतल्या सोनाराने दोन अंगठ्या नेल्या तर नगाला 100. दर सर्वांना एकच आहे, भार एकच नाही.

आणि सवलतीचे काय झाले ते ऐका. वार्षिक उलाढाल 40 लाखांपर्यंत असलेल्याला सक्तीतून सूट दिली होती. 2021 च्या मध्यास तोळ्याचा भाव 48 हजारांच्या आसपास होता, म्हणजे वर्षाला 80 तोळ्यांहून थोडे अधिक सोने विकणारा सुटत होता. 2025 मध्ये भाव लाखापलीकडे गेला आणि त्याच 40 लाखांत 40 तोळेही बसेनात. राजपत्रात अक्षर न बदलता निम्म्याहून अधिक सूट वितळून गेली, आणि हे कोणी 'परिणाम' म्हणून मोजले असेल असे मला वाटत नाही.

नंदुरबारहून एक वाचक

हरकती मागवल्या, एवढ्याने भागत नाही; त्या कोणत्या भाषेत मागवल्या हेही पाहावे. 2020 मध्ये पर्यावरण परिणाम मूल्यमापनाच्या अधिसूचनेचा मसुदा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील 22 भाषांत उपलब्ध करावा, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाला द्यावा लागला. धडगाव-अक्कलकुव्यात तर त्या 22 भाषाही पुरत नाहीत; इथे भिली-पावरी बोलली जाते आणि ती त्या अनुसूचीत नाही.

धरणगावचा हिशेबनीस

सर्वांचे आभार. सराफ साहेबांच्या उदाहरणाने माझ्या कोष्टकात एक रकाना वाढला: गाठींची संख्या कमी असलेल्या जिनिंगला दर गाठीमागे किती पडते. मसुदा पुन्हा आला, तर पाच वेगवेगळ्या आकारांच्या जिनिंगचे आकडे घेऊन हरकत लिहिण्याचा विचार आहे. एक शंका उरते. समजा, आमच्या मालकांनी ओलावा मोजण्याचे यंत्र यंदा घेतले आणि दहा वर्षांनी आदेशाचे नूतनीकरण निघाले, तर त्या यंत्राची किंमत कुठे दाखवायची?

पाचोऱ्याचा, सध्या मेलबर्न

पहिल्या मूल्यमापनात पूर्ण दाखवा, नूतनीकरणात दाखवू नका. तो पैसा गेलेला आहे, नियम संपला तरी परत येणार नाही. दुरुस्ती, माणसाचा पगार आणि परवान्याची वार्षिक फी दोन्हीकडे येतील. दहा वर्षांत यंत्र बाद होऊन नवे घ्यावे लागणार असेल, तर त्या नव्या यंत्राची किंमत नूतनीकरणात अवश्य धरा. खात्याच्या कागदात बहुधा नेमकी तीच गाळलेली असते.