बैठकीचं चित्रीकरण: ३०० डॉलरमध्ये काय बसेल?

प्रेषक: कार्यक्रम समिती

मंडळी, सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतरच्या शास्त्रीय गायनाच्या बैठकीचं चित्रीकरण करायचं आहे. गायन, तबला, संवादिनी, दोन तास, नेहमीचंच शाळेचं सभागृह. हाताशी ३०० डॉलर आहेत. एक बरा कॅमेरा भाड्याने आणावा असा विचार आहे. जाणकारांनी कळवावं.

प्रेषक: ध्वनिव्यवस्था

कॅमेरा आणू नका, पैसे आवाजावर घाला. चित्र जरा मऊ आलं तरी लोक ऐकत राहतात. तबल्याचा आवाज फाटला की दुसऱ्या मिनिटाला बंद करतात.

झूम एच ५ च्या तोडीचा रेकॉर्डर भाड्याने घ्या. त्याचे स्वतःचे दोन माइक आणि बाहेरून तारा जोडायला दोन एक्सएलआर इनपुट, असे चार ट्रॅक वेगवेगळे राहतात. मिक्सरचा मेन आउट (हॉलच्या स्पीकरना जाणारा एकत्र आवाज) मात्र घेऊ नका. छोट्या सभागृहात तबला मुळातच ऐकू येतो, म्हणून साउंडवाले त्याचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) खाली ठेवतात. मग रेकॉर्डिंगमध्ये गळा कानाशी आणि तबला शेजारच्या खोलीत. त्यांच्याकडे दोन ऑक्स (मिक्सरमधून निघणाऱ्या वेगळ्या वाटा) मागा, दोन्ही प्री-फेडर, म्हणजे फेडरच्या आधी घेतलेले: एकात गळा, दुसऱ्यात साथ. प्री-फेडर अशासाठी, की मध्येच त्यांनी हॉलचा आवाज कमी-जास्त केला तरी तुमची पातळी हलत नाही.

ऑक्समधून लाइन लेव्हल येते, माइकपेक्षा कितीतरी जोरकस. रेकॉर्डरवरचा आवाज उतरवणारा -२० डीबीचा पॅड लावा, फँटम पॉवर (माइकला तारेतून जाणारी वीज) बंद ठेवा. ऑटो लेव्हल, म्हणजे पातळी आपोआप बदलणारी सोय, तीही बंद. नुसता तानपुरा चालू असताना ती गेन (आवाजाची वाढ) चढवत नेते, एसीची घरघर वर येते, आणि समेवरच्या पहिल्या थापेला सगळं दबतं. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. सर्वांत मोठा आवाज -१२ डीबीच्या आसपास. साउंड चेकला तबलजींना विलंबित ठेक्यावर सोडू नका, एखादा रेला (सलग जलद बोल) आणि जोरकस तिहाई वाजवून घ्या. ठेक्यावर लावलेली पातळी द्रुताला पुरत नाही. शंका असेल तर आणखी खाली ठेवा. २४ बिटमध्ये नंतर उचलता येतं, फाटलेलं मात्र शिवता येत नाही.

प्रेषक: छायाचित्रण

आवाजाचं अगदी पटलं. चित्राला सभासदांचे तीन फोन पुरे, फक्त जागा विचाराने निवडा. तबला गायकाच्या उजव्या हाताला, म्हणजे प्रेक्षकांच्या डावीकडे असतो आणि तबलजी गायकाकडे वळून बसतात. त्यांचे हात दिसतात ते प्रेक्षकांच्या उजव्या कडेने. डावीकडून खांदा आणि पाठच मिळते. संवादिनीसाठी नेमकं उलट. या दोन्ही फोनची उंची बसलेल्या गायकाच्या डोळ्यांइतकी. माइकचा दांडा चेहऱ्यावर येतो का, ते गायक गादीवर बसल्यावरच बघा; फूटभर सरकलं की सुटतो.

तिसरा फोन मधोमध, प्रेक्षकांच्या डोक्यांवरून, ४के मध्ये (१०८०च्या दुप्पट रुंद आणि दुप्पट उंच चित्र). शेवटचा व्हिडिओ १०८०चा केला की त्याच चित्रातून नुसत्या गायकाची चौकट कापून घेता येते, म्हणजे चौथा कॅमेरा फुकट. आयफोनवर ४के, ३० फ्रेमला मिनिटाला साधारण १७० एमबी लागतात, दोन तासांना २० जीबी. तेवढी जागा आदल्या दिवशी रिकामी करा. फोन चार्जरवर, एअरप्लेन मोडमध्ये, कव्हर काढून. कव्हरात तो तापतो. डिजिटल झूम नको, ट्रायपॉड पुढे न्या.

फोनचं स्वयंचलित एक्स्पोजर काळ्या पडद्याला फसतं: पडदा उजळायला जातं आणि चेहरा व पांढरा कुर्ता जाळून टाकतं. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे फुकट ॲप घाला. शटर १/६०, व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) कायम केलेला, एक्स्पोजर कुर्त्यावर बघून. इथली वीज ६० हर्ट्झची, म्हणून १/६०. भारतातून आणलेला कॅमेरा कोणी दिला तर तो पालवर (भारतासारख्या ५० हर्ट्झच्या देशांतली व्हिडिओ पद्धत) असेल, त्यात १/५० ने चित्रावर पट्टे सरकतात. एनटीएससीवर, म्हणजे इथल्या पद्धतीवर, टाकून घ्या. मंद केलेले एलईडी दिवे तरीही लुकलुकू शकतात. प्रकाशवाल्यांना सांगा, दिवे कमी लावा पण लावाल ते पूर्ण तेजाने. आणि जांभळा-निळा प्रकाश मागच्या पडद्यावरच. चेहऱ्यावर पांढराच हवा, तिथला जांभळेपणा संकलनात जात नाही.

प्रेषक: कार्यक्रम समिती

सविस्तर उत्तरांबद्दल आभार. तीन फोन आणि एक रेकॉर्डर जुळवायचे कसे? आणि मागच्या वेळी आवाजात आलेली ती घूंऽऽ कशी टाळायची?

प्रेषक: ध्वनिव्यवस्था

सगळं चालू झालं की मंचावर एकदा टाळी वाजवा, तिन्ही फोनना दिसेल अशी. त्यानंतर मध्यंतरापर्यंत कोणीही काही थांबवायचं नाही. फोनचा फ्रेम रेट हलता असतो, तासाभराने ओठ आणि सूर वेगळे पडतात. म्हणून आधी हँडब्रेक या प्रोग्रॅममध्ये कॉन्स्टंट (एकसारखा) फ्रेम रेट करून घ्या, मग दा विंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या प्रोग्रॅमच्या फुकट आवृत्तीत आवाजाच्या लहरींवरून जुळवा. जुळणी प्रत्येक रागाच्या सुरुवातीला नव्याने तपासा.

आणखी एक. आवाजाला फूटभर जायला जवळपास १ मिलिसेकंद लागतो. रेकॉर्डर मिक्सरच्या टेबलावर, मंचापासून ६० फुटांवर असेल तर त्याच्या माइकचे ट्रॅक ऑक्सपेक्षा सुमारे ५३ मिलिसेकंद मागे पडतात आणि तबल्याची प्रत्येक थाप दुहेरी ऐकू येते. ते तेवढे पुढे ओढा, मग टाळ्या आणि दाद यांच्यापुरते हलकेच मिसळा.

घूं आली तर आधी रेकॉर्डर चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर चालवून बघा. तरी राहिली तर मिक्सर आणि रेकॉर्डरच्या मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (दोन्हींमधला विजेचा थेट जोड तोडणारी डबी) टाका. अर्थिंगची पिन मोडायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. त्यात शॉकचा धोका आहे.

प्रेषक: छायाचित्रण

तिन्ही कलाकारांची लेखी परवानगी आधीच घ्या, साथीदारांचीही. यूट्यूबवर पूर्ण जाणार की तुकडे, तेही त्यात लिहा. शेवटी नाट्यपद होणार असेल तर ते वेगळ्या व्हिडिओत चढवा. हक्काचा दावा आलाच तर दोन तासांचा व्हिडिओ त्यात अडकणार नाही.