तीन वर्षं सपोर्टमध्ये गेली, आता डेव्हलपमेंटच्या इंटरव्ह्यूत तोंडच उघडत नाही, तयारी कशी करू?

बार्शीचा_पोरगा:
नमस्कार मंडळी. २०२२ ला ईअँडटीसीतून (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) बीई केलं, तेव्हापासून पुण्यात एका सर्व्हिस कंपनीत आहे. प्रोजेक्ट जावाचा पण माझं काम सगळं प्रॉडक्शन सपोर्टचं, तिकिटं (आलेल्या तक्रारी) बघायची, लॉग चाळायचे, डेटाबेसवर क्वेरी मारायच्या, कोड म्हणाल तर बारीकसारीक फिक्स. सहा महिने झाले रोज रात्री लीटकोड (कोडिंगच्या सराव प्रश्नांची साईट) करतोय, दीडशेच्या वर प्रश्न झालेत.

गेल्या महिन्यात दोन इंटरव्ह्यू दिले, दोन्ही गेले. एकात विचारलं की ॲरेमधले (म्हणजे आकड्यांच्या यादीतले) कुठले दोन आकडे मिळवले की दिलेली बेरीज येते ते शोध. मी लगेच हॅशमॅप (किल्ली दिली की नोंद पटकन शोधून देणारी रचना) सांगितलं, तर ते म्हणाले ॲरे सॉर्टेड आहे, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावलेले आहेत, जास्तीची मेमरी न वापरता कर. इथंच अडकलो. चार-पाच मिनिटं नुसता स्क्रीनकडे बघत बसलो, थोडंफार सुचत होतं पण ते इंग्लिशमध्ये कसं मांडायचं तेच जुळेना (दहावीपर्यंत मराठी मीडियम). दुसऱ्यात प्रोजेक्टबद्दल विचारलं तर सपोर्ट आहे म्हणून दोन वाक्यांत संपवलं, पुढं सांगण्यासारखं काय असतं त्यात?

अजून प्रश्न सोडवत राहू का क्लास लावू? घरी बाबा म्हणतात आहे ते धरून ठेव. खरंच कळत नाहीये.

कोथरूडकर११:
मित्रा, मी आठ वर्षं इंटरव्ह्यू घेतोय, त्यातला अनुभव सांगतो. क्लास लावू नकोस आणि प्रश्नांची संख्या वाढवणंही थांबव. तुला उत्तर येतंय, विचार बोलून दाखवता येत नाहीये, आणि समोरच्याला तर तेवढंच बघायचं असतं. तू गप्प बसलास की मला हिंट कुठं द्यायची तेच कळत नाही.

तुझाच प्रश्न घे. आकडे २, ५, ८, ११, १५ आणि बेरीज हवी १९. एक बोट डावीकडच्या टोकावर, एक उजवीकडच्या. २ आणि १५ मिळून १७, कमी पडतंय. आता १५ हा सगळ्यात मोठा, त्याच्याबरोबर जमलं नाही म्हणजे २ चं कुणाबरोबरच जमणार नाही, तो कायमचा बाद. डावं बोट पुढं. ५ आणि १५ मिळून २०, जास्त झालं, म्हणजे १५ बाद, उजवं बोट मागं. ५ आणि ११ मिळून १६, कमी, ५ बाद. ८ आणि ११, झाले १९. हे "का बाद" आहे ना, ते ज्यानं सांगितलं त्याला मी कोडमध्ये एखादी चूक झाली तरी पुढच्या राउंडला पाठवतो. पाठ केलेला कोड धडाधड लिहून दाखवणाऱ्याला मी एक अट बदलून विचारतो, तुला विचारलं तसंच.

घरी करताना मोबाईलवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड कर. आधी मराठीतच बोल, विचार सुटा होऊ दे, मग तेच इंग्लिशमध्ये.

आणि सपोर्टमध्ये सांगण्यासारखं काय असतं हे तू विचारतोस याचं मला वाईट वाटलं. रात्री दोनला सिस्टीम पडल्यावर ती उभी कुणी केली? एक असा प्रसंग लिही इथं, मला वाचायचाय.

नाशिकची_डेव्ह:
कोथरूडकर दादांचं बाकी पटलं, फक्त मराठीत आधी बोलायचं ते मला जमलं नव्हतं. बाळंतपणानंतर दोन वर्षांच्या गॅपनी परत तयारी केली तेव्हा मी मनात भाषांतर करत बसायचे आणि त्यातच वेळ जायचा, मग थेट साध्या इंग्लिशमध्ये सुरू केलं, चार-चार शब्दांची वाक्यं. व्याकरण चुकलं म्हणून मला तरी कुणी नाकारलं नाही.

जावा आहे तर हॅशमॅप आतून नीट समजून घे, मला तीन ठिकाणी विचारलं. सुरुवातीला १६ बकेट (नोंदी ठेवायचे कप्पे), लोड फॅक्टर (किती भरलं की वाढवायचं ते प्रमाण) ०.७५, म्हणजे १२ पर्यंत ठीक, तेरावी नोंद आली की साईझ दुप्पट. मग विचारतात, इक्वल्स (दोन वस्तू सारख्या का ते ठरवणारी मेथड) ओव्हरराइड केलं, म्हणजे स्वतःचं लिहिलं, आणि हॅशकोड (वस्तू कुठल्या बकेटमध्ये जाईल ते ठरवणारी) नाही केलं तर काय होईल? तर मॅपमध्ये टाकलेल्या वस्तूसारखीच दुसरी वस्तू घेऊन शोधलं तर ती असूनही सापडेलच असं नाही, कारण ती भलत्याच बकेटमध्ये शोधली जाऊ शकते. दहा ओळींचा प्रोग्राम लिहून स्वतः बघ, मग विसरत नाही. प्रत्येक इंटरव्ह्यू संपला की अर्ध्या तासात सगळे प्रश्न वहीत उतरवायचे, ही सवय मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली.

खडकवासला_एक्सप्रेस:
दोनच गोष्टी. नोटीस ९० दिवसांची असेल तर एचआरच्या पहिल्याच फोनला सांगून टाक, शेवटच्या राउंडनंतर सांगितलं की सगळ्यांचा वेळ जातो. आणि बाजूला एआय उघडून त्यावरचं वाचू नकोस, डोळे कुठं फिरतायत ते समोर दिसतं आणि उलटा एक प्रश्न आला की माणूस अडकतो.

बार्शीचा_पोरगा:
दादा, ताई, सगळ्यांचे मनापासून आभार. ते "२ कायमचा बाद" वाचलं आणि कागदावर करून बघितलं, पहिल्यांदा नीट डोक्यात शिरलं.

प्रसंग लिहितो. मागच्या मार्चएंडला एक रिपोर्ट रोज पहाटे अडकायचा, चाळीस मिनिटं चालायचा आणि टाइमआउट. सगळे म्हणत होते सर्व्हर वाढवा. मी क्वेरीचा एक्झिक्युशन प्लॅन (डेटाबेस ती क्वेरी कशी चालवतो ते) काढला तर पूर्ण टेबल स्कॅन होत होतं, तारखेच्या कॉलमवर इंडेक्स (पटकन शोधायची सूची) होता पण वेअरमध्ये (क्वेरीतली अट) त्या कॉलमलाच फंक्शन लावलेलं म्हणून तो वापरलाच जात नव्हता. फंक्शन काढून तारीख "पासून-पर्यंत" अशी लिहिली, दोन मिनिटांत रिपोर्ट आला. तिकीट बंद केलं आणि विसरून गेलो.

कोथरूडकर११:
अरे हेच सांग ना! चाळीस मिनिटांचं दोन मिनिटांवर आणलंस, तेही सर्व्हर न वाढवता. इंटरव्ह्यूत हे ऐकलं तर मी पुढची वीस मिनिटं यावरच बोलेन, इंडेक्स का चुकला, बदल आधी कुठं तपासलास, दुसरं काही बिघडलं असतं तर परत कसा फिरवला असतास. या तिन्हीची उत्तरं तयार ठेव. शनिवारी सकाळी १० ला मोकळा आहे, तासभर मॉक (सरावाचा इंटरव्ह्यू) घेतो, मेसेज कर.

बार्शीचा_पोरगा:
केला मेसेज दादा. शुक्रवारी नाईट शिफ्ट आहे, सातला सुटतो, दहाला नक्की बसतो.