मदत हवी आहे: उबंटू नवीन टाकलं आणि सर्व्हरवरच्या सगळ्या फाइली 'नोबडी'च्या झाल्या

वाशिष्ठीकाठ
मंडळी, अर्जंट आहे. ऑफिसातल्या मशीनवर नवीन उबंटू (लिनक्स) टाकलं. सर्व्हरवरचं फोल्डर माउंट होतंय (म्हणजे जोडलं जातंय), पण प्रत्येक फाइलचा मालक 'नोबडी' दिसतोय आणि सेव्ह करायला गेलं की परवानगी नाही म्हणतं. सर्व्हरला कोणी हात लावलेला नाही, तो वर्षानुवर्षं तसाच चालू आहे. आंबा बागायतदारांचे मोजणीचे नकाशे परवा द्यायचेत. काय करायचं तेवढं सांगा. इतिहास नको.

रात्रपाळी
सर्व्हर कोणता? त्यावर काय चालतं? एनएफएस (नेटवर्कवरून फाइली वापरायची युनिक्स-लिनक्सची पद्धत) आहे की आणखी काही? 'नवीन उबंटू' म्हणजे कितवं? आधी काय होतं? एफएसटॅबमधली (काय कुठे माउंट करायचं त्या फाइलमधली) ओळ टाका. एवढ्यावरून इथे कोणाला अंगारा-धुपारा करता येणार नाही.

मालवणी_खाजा
एनएफएस कित्याक होया? सांबा (विंडोजच्या पद्धतीन फोल्डर वाटूचा सॉफ्टवेअर) घाल नि मोकळो हो. आमच्या दुकानात विंडोज, लिनक्स सगळा एकाच शेअरवर चालता.

टर्मिनलवाला
हा सरळ सरळ रूट स्क्वॅशचा प्रकार आहे. क्लायंटवरून (म्हणजे तुमच्या मशीनवरून) रूट, म्हणजे सर्वाधिकारी युजर, म्हणून गेलात की सर्व्हर तुम्हाला 'नोबडी' करून टाकतो. सर्व्हरच्या एक्स्पोर्ट्स फाइलमध्ये 'नो रूट स्क्वॅश' लिहा, एक्स्पोर्टएफएस चालवा, विषय संपला. नाहीतर फोल्डरला ७७७ (सगळ्यांना सगळी परवानगी) देऊन टाका.

रात्रपाळी
७७७ काय? ऑफिसचा डेटा आहे तो, एसटी स्टँडवरचा बाक नाही. आणि त्यांच्या *सगळ्या* फाइली नोबडीच्या दिसतायत, फक्त रूटने बनवलेल्या नव्हे. रूट स्क्वॅशने जुन्या फाइलींचे मालक बदलून दिसत नाहीत.

वाशिष्ठीकाठ
रूटने कोण काम करतंय? नेहमीचाच युजर आहे, नाव 'सर्वे'. सर्व्हरवरही तेच नाव.
उबंटू २४.०४. आधी १४.०४ होतं. सर्व्हर सेंटओएस ६, माळ्यावर आहे. जुनी ओळ: व्हर्स=३, प्रोटो=यूडीपी, हार्ड, इंटर. ती टाकल्यावर माउंटच होत नव्हतं, 'मागितलेलं व्हर्जन किंवा प्रोटोकॉल चालत नाही' अशा अर्थाचं काहीतरी येत होतं. म्हणून चारही पर्याय उडवले, मग झालं.

रात्रपाळी
हे पहिल्याच पोस्टमध्ये का नाही लिहिलंत? सगळं त्यातच आहे.
तुमची अडचण एनएफएसचं व्हर्जन ३ (व्हर्स=३) नव्हती, यूडीपी (पोच न घेता डेटा पाठवायची पद्धत) होती. लिनक्सच्या कर्नल (गाभा) ५.६ पासून एनएफएससाठी यूडीपी बंद ठेवायचा पर्याय मुळातच चालू असतो. तुम्ही सगळेच पर्याय काढलेत, म्हणून क्लायंटने सर्व्हरला जमेल ते सर्वांत वरचं व्हर्जन उचललं. 'एनएफएसस्टॅट -एम' चालवून बघा, मला वाटतं ४.० दिसेल. व्हर्स=३, प्रोटो=टीसीपी (पोच घेऊन पाठवायची पद्धत), हार्ड एवढं लिहा. 'इंटर' काढा, तो २.६.२५ पासून नुसता शोभेला आहे.

आंबाघाट
सेंटओएस ६? त्याचा आधार ३० नोव्हेंबर २०२० ला संपलाय. सुरक्षिततेचं एकही पॅच मिळत नाही. आधी सर्व्हर बदला, मग बाकीचं. आणि माळ्यावर म्हणजे? पत्र्याखाली? मे महिन्यात काय होत असेल त्याचं?

वाशिष्ठीकाठ
स्लॅब आहे, पत्रा नाही. २२ जुलै २०२१ च्या पुरात खालचं सगळं गेलं, प्लॉटरसकट. सर्व्हर वर होता म्हणून डेटा वाचला, त्यामुळे तो माळ्यावरच राहणार. जुन्या सॉफ्टवेअरचं डोंगल (परवान्याची किल्ली) त्याला लावलेलं आहे, म्हणून बदलताही येत नाही. आता कृपया मुद्द्यावर या.
एनएफएसस्टॅट म्हणतंय व्हर्स=४.०.

जुनी_केबल
इतिहास नको म्हणालात तरी थोडा लागेल, नाहीतर उद्या परत याल.
सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने एनएफएस १९८४ च्या सुमारास आणलं. व्हर्जन १ कंपनीबाहेर पडलंच नाही. व्हर्जन २ चा आरएफसी (नियमांचा दस्तऐवज) क्रमांक १०९४, १९८९ चा. २ जीबीपलीकडे फाइल नाही, एका वेळी ८ केबीपलीकडे वाचन-लेखन नाही, आणि प्रत्येक लेखन डिस्कवर पोचेपर्यंत सर्व्हर उत्तरच देत नसे. १९९५ ला व्हर्जन ३, आरएफसी १८१३. फाइलींचे आकार ६४ बिटी झाले. सर्व्हर आधी 'घेतलं' म्हणतो आणि डिस्कवर नक्की करण्यासाठी क्लायंट नंतर 'कमिट' पाठवतो, त्यामुळे लिहिण्याचा वेग एकदम वाढला. पण दोन्हींमध्ये सर्व्हर काहीच लक्षात ठेवत नाही, आणि मालक म्हणजे नुसता आकडा.
व्हर्जन ४ पासून सूत्रं सनकडून आयईटीएफकडे (इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या संस्थेकडे) गेली. पहिला आरएफसी २०००, सुधारून २००३. इथे घडीच मोडली. माउंट आणि लॉकिंगचे (फाइलीला कुलूप लावायचे) वेगळे डीमन (मागे चालणारे प्रोग्राम) गेले, सगळं २०४९ या एकाच पोर्टवर (नेटवर्कच्या दारावर) आलं. सर्व्हर कोणी काय उघडलंय ते लक्षात ठेवायला लागला. आणि मालक आकड्याऐवजी 'नाव ॲट डोमेन' (युजरचं नाव, पुढे नेटवर्कचं नाव) असा पाठवायची सोय झाली. तुमचा 'नोबडी' इथे जन्मला. ४.१ (२०१०) मध्ये सेशन आणि पीएनएफएस आलं, ४.२ (२०१६) मध्ये सर्व्हरवरच्या सर्व्हरवर कॉपी आणि विरळ फाइली. त्यांचा तुमच्याशी संबंध नाही.

टर्मिनलवाला
काका, त्यांनी चार पर्याय विचारले, तुम्ही चाळीस वर्षं सांगितलीत.

जुनी_केबल
आणि तुम्ही ७७७ सांगितलंत.

आंबाघाट
काका म्हणतात ते डोमेनचं बरोबर आहे. पण म्हणून ३ वर परत जायचं? ३ मध्ये पोर्टमॅपर, माउंटडी, लॉकडी, स्टॅटडी असे डीमन, प्रत्येकाचं पोर्ट वेगळं. फायरवॉल लावायची म्हटली की डोकेदुखी. ४ वरच राहा. सर्व्हरचं पूर्ण होस्टनेम बघा, डोमेन त्यावरून ठरतं. आयडीमॅपडी.कॉन्फ (नावं जुळवणाऱ्या प्रोग्रामची फाइल) मध्ये 'डोमेन =' ही ओळ दोन्हीकडे एकसारखी करा. मग क्लायंटवर 'एनएफएसआयडीमॅप -सी' ने जुनी नोंद पुसा आणि परत माउंट करा. तुमचा जुना सर्व्हर मालकाचं नाव पाठवतोय, क्लायंटला डोमेन अनोळखी वाटतं, आणि अनोळखी माणूस म्हणजे नोबडी.

रात्रपाळी
परवा नकाशे द्यायचेत त्यांना. आज ३ वर चालवा, फायरवॉलचं पावसाळ्यात बघा.

वाशिष्ठीकाठ
दोन्ही करून पाहिलं, दोन वेगळ्या मशीनवर.
३ आणि टीसीपी: लगेच माउंट. मालकाच्या जागी आता ५०० असा आकडा दिसतो. सेव्ह होत नाही.
४ आणि डोमेन: सर्व्हरचं डोमेन 'ऑफिस.लोकल' निघालं, नवीन मशीनना डोमेनच नव्हतं. एकसारखं केलं. मालक 'सर्वे' दिसतो, अगदी बरोबर. सेव्ह तरीही होत नाही!! फाइल माझी, नाव माझं, परवानगी लिहिण्याची, आणि नाही म्हणतं.

मालवणी_खाजा
म्हणान सांगतंय, सांबा.

खाडीपलीकडे
दोन आकडे द्या. नवीन मशीनवर 'आयडी' लिहून एंटर करा, आणि सर्व्हरवर त्या फोल्डरमध्ये 'एलएस -एलएन'. बाकी काही बदलू नका तोपर्यंत.

वाशिष्ठीकाठ
नवीन मशीन: यूआयडी (युजरचा आकडा) १०००. सर्व्हर: मालक ५००, ग्रुप ५००.

खाडीपलीकडे
हेच. रात्रपाळी आणि आंबाघाट दोघांनीही फक्त दिसण्याचा भाग दुरुस्त केला.
सेंटओएस ६ मध्ये पहिला साधा युजर ५०० पासून सुरू होतो, उबंटूत १००० पासून. केर्बेरॉस, म्हणजे ओळख पटवायची वेगळी यंत्रणा, नसेल (तुमच्याकडे नाही हे गृहीत धरते) तर विनंतीसोबत 'मी कोण' हे आकड्यातच जातं, व्हर्जन ३ असो की ४. व्हर्जन ४ मध्ये नाव जातं ते फाइलच्या मालकाची माहिती देताना. म्हणजे सर्व्हर सांगतो 'ही सर्वेची फाइल', क्लायंट छान 'सर्वे' दाखवतो, पण लिहायची वेळ आली की सर्व्हरकडे १००० येतो आणि तो म्हणतो, हा कोण? ३ वर निदान ५०० उघडा दिसतो, म्हणून गडबड लवकर लक्षात येते. ४ वर नाव जुळलेलं दिसतं आणि माणूस चकतो.
जुन्या मशीनवर युजरचा आकडा ५०० केलेला असणार. विचारा ज्यांनी बसवली त्यांना.

वाशिष्ठीकाठ
ज्याने बसवली तो आता पुण्यात असतो. फोन लावला. म्हणाला, "हो, यूजरमॉड (युजरचा आकडा बदलायची कमांड) केलं होतं, वहीत लिहिलंय." वही पुरात गेली.
मग आता नवीन मशीनवर ५०० करू?

रात्रपाळी
करा. यूजरमॉड -यू ५००, आणि ग्रुपसाठी ग्रुपमॉड. त्या युजरने लॉगइन असताना नको, दुसऱ्या ॲडमिन खात्यातून.

खाडीपलीकडे
चालेल, पण दोन गोष्टी. यूजरमॉड फक्त होम फोल्डरमधल्या फाइलींचा मालक बदलतं, बाहेरच्या तुम्हाला हाताने बदलाव्या लागतील. आणि उबंटूचा लॉगइन पडदा १००० च्या खालचे युजर यादीत दाखवत नाही. 'यादीत नाही' वर टिचकी मारून नाव टाइप करावं लागेल. ऑफिसातल्या बाकीच्यांना ते रोज समजावत बसाल.
त्यापेक्षा आज ५०० करून नकाशे द्या. रविवारी बॅकअप घेऊन सर्व्हरवरच युजर १००० करा, नवीन मशीनही परत १००० वर आणा. सर्व्हरवर फाइंड (फाइली शोधायची कमांड) वापरून फक्त ५०० मालक असलेल्या फाइली बदला, सरसकट सीएचओन (मालक बदलायची कमांड) नको, त्यात इतरांच्याही असतील. त्यानंतर ४ आणि डोमेन तसंच ठेवा.

आंबाघाट
म्हणजे शेवटी ४ च.

रात्रपाळी
म्हणजे रविवारपासून ४.

टर्मिनलवाला
यूडीपी चालू केलेला कर्नल बांधून घेता येतो, कोणाला हवा असेल तर सांगा. मी केलाय, वेग जास्त मिळतो.

जुनी_केबल
नको. गिगाबिटवर यूडीपीचे मोठे पॅकेट तुकड्यांत जातात आणि तुकडे ओळखायचा आयपीचा क्रमांक १६ बिटी. ६५,५३६ नंतर तो परत पहिल्यापासून. एखादा तुकडा हरवला तर नंतरच्या, त्याच क्रमांकाच्या पॅकेटचा तुकडा त्याला चिकटू शकतो आणि चेकसमही (डेटा नीट आला का ते तपासायचा आकडा) कधी कधी फसतो. मोजणीच्या डेटात असं झालं तर कोणाच्या बागेची हद्द कोणाच्या परसात जाईल सांगता येत नाही.

वाशिष्ठीकाठ
५०० केलं. सेव्ह झालं. खाडीपलीकडे ताई, आभार.
आता एक नवीनच. दुपारी लाईट गेली, सर्व्हरचा यूपीएस बसला, सगळं परत चालू झालं. ३ वालं मशीन लगेच कामाला लागलं. ४ वाल्यावर क्यूजीआयएसमध्ये (नकाशांचं सॉफ्टवेअर) फाइल उघडायला गेलो तर दीडेक मिनिट ढिम्म, मग आपोआप सुरू. ४ मध्ये बिघाड आहे का?

जुनी_केबल
बिघाड नाही. मघाशी म्हटलं ना, ४ चा सर्व्हर कोणी काय उघडलंय, कोणी लॉक लावलंय ते लक्षात ठेवतो. वीज गेली की ते विसरतो. म्हणून परत उठल्यावर तो लिनक्सवर ९० सेकंद थांबतो, आधीच्या क्लायंटना आपापले लॉक परत सांगायला वेळ देतो, नवीन कोणाला उघडू देत नाही. ३ मध्ये सर्व्हर मुळात काही लक्षात ठेवत नव्हता, म्हणून साधं वाचन-लेखन लगेच सुरू होतं. लॉकला त्यातही थोडी वाट बघावी लागतेच, कारण ते काम लॉकडी करतो.

वाशिष्ठीकाठ
हे ९० कमी करता येतात का? आमच्याकडे जूनपासून लाईटचं काही खरं नसतं.

खाडीपलीकडे
येतात, पण मी करणार नाही. त्याआधी यूपीएसची बॅटरी बदला. आणि विचारते, नकाशे जीपीकेजीमध्ये (नकाशांच्या फाइलीचा एक प्रकार) आहेत का? एकच फाइल दोघं एकाच वेळी उघडून लिहिता?

वाशिष्ठीकाठ
हो. रोज.

खाडीपलीकडे
ते बंद करा. जीपीकेजी आतून एसक्यूलाइट (एकाच फाइलीतला डेटाबेस) आहे, आणि एसक्यूलाइटचे कर्तेच सांगतात की नेटवर्कवरच्या फाइल सिस्टिमचं लॉकिंग भरवशाचं नसतं, डेटाबेस खराब होऊ शकतो. यात ३ की ४ हा प्रश्नच नाही. दोघांना एकत्र लिहायचं असेल तर पोस्टजीआयएस (नकाशांसाठीचा डेटाबेस सर्व्हर) बसवा, नाहीतर आपापली प्रत घेऊन काम करा आणि एकानेच शेवटी एकत्र करा.

मालवणी_खाजा
सांब्यावर चालता मगे ता?

खाडीपलीकडे
नाही. नेटवर्क म्हणजे नेटवर्क. सांबाही त्यातच आला.

गुहागर_रोड
याच धाग्यात विचारतो, माझ्याकडे विंडोज ११ प्रो आहे. असाच सर्व्हर ४ वर जोडायचा आहे, जमत नाही. कोणी सांगेल का?

रात्रपाळी
विंडोजमधलं 'क्लायंट फॉर एनएफएस' ३ पर्यंतच जातं. सर्व्हरवर ३ बंद केलंय का बघा. आणि नवीन धागा काढा. त्यात सर्व्हर कोणता, व्हर्जन काय, एरर काय, हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहा.